घरगुती डायलिसिस आणि सांडपाण्याचा मंद निचरा : कारणे, धोके व उपाययोजना

गोषवारा

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला घरच्या घरी डायलिसिस करणे आता शक्य झाले आहे. या उपचारात दररोज बाहेर पडणारे द्रव घराच्याच सांडपाणी व्यवस्थेत सोडले जाते. त्यातील साखर, प्रथिने व क्षार यांमुळे मोरी, बेसिन व शौचालय यांच्या नळ्यांतील निचरा कालांतराने मंदावतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कारणे, त्यातून संभवणारे आरोग्यविषयक धोके व घरगुती पातळीवरील उपाय यांचा विचार करण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : घरगुती डायलिसिस, पेरिटोनिअल डायलिसिस, बायोफिल्म, नहाणी ट्रॅप, सांडपाणी.

प्रस्तावना

डायलिसिस म्हटले की रुग्णालयातील खाट, यंत्र आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा होणारी रुग्णाची ये-जा असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु या उपचाराचा एक प्रवाह प्रथमपासूनच घराकडे वळलेला आहे. १९६०च्या दशकातच अमेरिका व इंग्लंडमध्ये रुग्णांच्या घरी रक्ताचे डायलिसिस सुरू झाले होते. १९७६ मध्ये पोपोविच व मॉनक्रिफ यांनी पोटातील पेरिटोनिअम या पातळ आवरणाचाच गाळणीसारखा उपयोग करणाऱ्या सातत्यपूर्ण पद्धतीची संकल्पना मांडली आणि यंत्राविना घरी डायलिसिस करण्याचा मार्ग मोकळा झाला. भारतात २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. २०१९ मध्ये या कार्यक्रमाखाली पेरिटोनिअल डायलिसिससाठीही मार्गदर्शक तत्त्वे देण्यात आली. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

उपचार घरात आला म्हणजे त्याचे सांडपाणीही घरात येते. रुग्णालयात या सांडपाण्याची व्यवस्था रुग्णाला दिसतही नाही. घरात मात्र तीच मोरी, तेच शौचालय आणि तीच नळी वापरावी लागते. प्रशिक्षणाच्या काळात हात धुणे, मास्क लावणे, नळी जोडणे या बाबी काटेकोरपणे शिकविल्या जातात व ते योग्यच आहे. परंतु बाहेर पडलेले पाणी कोठे, कसे व किती पाण्यासोबत सोडावे याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. काही महिन्यांनी मोरीत पाणी तुंबू लागते, दुर्गंधी येते, लहान केसाळ माश्या दिसू लागतात आणि मग घरातील मंडळी हाती लागेल ते तीव्र रसायन ओततात. येथेच साध्या गैरसोयीचे रूपांतर धोक्यात होऊ शकते.

घरगुती डायलिसिसमधील सांडपाण्याचे स्वरूप

पेरिटोनिअल डायलिसिसमध्ये कॅथेटर नावाच्या नळीवाटे द्रव पोटात सोडले जाते व काही तासांनी ते बाहेर काढले जाते. हाताने करावयाच्या पद्धतीत साधारणपणे २ लिटरच्या ४ पिशव्या दररोज वापरल्या जातात. शरीरातील जास्तीचे पाणी मिसळून बाहेर पडणारे द्रव दिवसाला ८ ते १० लिटर भरते. यंत्राच्या साहाय्याने रात्री करावयाच्या पद्धतीत हे प्रमाण १० ते १५ लिटरपर्यंत जाते. भारतातील शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरले जाते. त्या मानाने हे प्रमाण अल्प आहे. म्हणजे येथे प्रश्न पाण्याच्या राशीचा नसून पाण्यात काय आहे याचा आहे.

या द्रवात शरीरातील जास्तीचे पाणी ओढून घेण्यासाठी साखर, म्हणजे डेक्स्ट्रोज, घातलेली असते. पिशवीवर १.५, २.५ किंवा ४.२५ टक्के असे प्रमाण छापलेले असते. १.५ टक्क्याच्या २ लिटर पिशवीत ३० ग्रॅम, म्हणजे ४ पिशव्यांत १२० ग्रॅम साखर असते. हाताने करावयाच्या पद्धतीत तिचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शरीरात शोषला जातो असे धरले, तरी ४० ग्रॅम साखर दररोज नळीत जाते. महिन्याचा हिशेब सव्वा किलोच्या आसपास होतो. रात्रीच्या यंत्रपद्धतीत द्रव पोटात कमी वेळ राहते व साखर कमी शोषली जाते. १२ लिटर द्रवातील १८० ग्रॅमपैकी निम्मी साखर उरली, तर महिन्याला जवळजवळ पावणेतीन किलो साखर सांडपाण्यात मिसळते. अधिक तीव्रतेच्या पिशव्या वापरणाऱ्या रुग्णाच्या घरी हा आकडा वाढतो. याखेरीज दररोज साधारण ५ ते १० ग्रॅम प्रथिने, तसेच युरिया, फॉस्फेट, लॅक्टेट आणि फायब्रिनचे पांढुरके धागे या द्रवात असतात.

रक्ताचे डायलिसिस घरी करण्याचे प्रमाण भारतात अत्यल्प आहे. त्याचे गणित निराळे आहे. मिनिटाला ५०० मिलिलिटर या नेहमीच्या वेगाने ४ तासांत १२० लिटर द्रव वापरले जाते. शिवाय पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ संयंत्रातून अनेकदा तितकेच किंवा त्याहून अधिक पाणी टाकाऊ म्हणून बाहेर पडते. येथे सलग चार तास मिनिटाला लिटरभर पाणी वाहून नेण्याची नळीची क्षमता महत्त्वाची ठरते.

निचरा मंद होण्याची कारणे

नळीच्या आतील ओल्या पृष्ठभागावर जिवाणू व बुरशी यांची वस्ती प्रत्येक घरात असतेच. हे सूक्ष्मजीव स्वतःभोवती चिकट पदार्थ निर्माण करून बुळबुळीत थर तयार करतात. त्यास बायोफिल्म असे म्हणतात. सामान्य घरात हा थर सावकाश वाढतो. डायलिसिस करणाऱ्या घरात त्याला साखर व प्रथिने यांचा नित्य आहार मिळतो, तोही शरीराच्या तापमानाच्या कोमट पाण्यातून. त्यामुळे थर जाड होतो. केस, साबणाचा मळ व कपड्यांचे तंतू त्यात अडकतात आणि नळीचा मोकळा व्यास कमी होत जातो. मोरीतील केसाळ माश्यांच्या अळ्याही याच थरावर वाढतात. म्हणून माश्या दिसणे ही थर वाढल्याची एक खूण मानता येते.

दुसरे कारण प्रवाहाच्या वेगाशी निगडित आहे. नळीतील मळ आपोआप वाहून जाण्यासाठी पाण्याला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग असावा असे सांडपाणी अभियांत्रिकीत मानले जाते. रात्रीच्या यंत्रातून येणारे द्रव मात्र बारीक धारेने येते. ते नळीच्या तळाशी पातळ ओघळासारखे सरकते, पृष्ठभागाला चिकटते आणि मागे साखरेचा लेप ठेवून जाते. भरपूर पाणी एकदम सोडल्याने जे घडते, ते या संथ धारेने घडत नाही.

तिसरे कारण नळीच्या व्यासाचे आहे. आपल्याकडील घरांत बेसिनची नळी साधारणपणे ३२ मिलिमीटर, नहाणी ट्रॅपपासूनची नळी ७५ मिलिमीटर आणि शौचालयाची ११० मिलिमीटर असते. दोन-तीन मिलिमीटरचा थर शौचालयाच्या नळीत जाणवत नाही. बेसिनच्या नळीत तोच थर अडथळा ठरतो.

चौथे कारण कठीण पाण्याचे आहे. विंधनविहिरीच्या क्षारयुक्त पाण्यामुळे नळीत चुनखडीसारखे खडबडीत कवच बसते व त्यावर चिकट थर अधिक सहज धरतो. युरियाचे विघटन होऊन अमोनिया निर्माण झाल्यास फॉस्फेटचे क्षारही साचू शकतात. नळीला पुरेसा उतार नसणे, जुन्या इमारतीतील चेंबर वर्षानुवर्षे साफ न होणे ही नेहमीची कारणे आहेतच.

'मंद निचरा' या शब्दाचे दोन अर्थ

डायलिसिसच्या परिभाषेत निचरा मंद होणे याचा आणखी एक अर्थ आहे आणि दोहोंची गल्लत होणे घातक आहे. पोटातून द्रव बाहेर येण्यास वेळ लागणे हाही मंद निचराच होय. बद्धकोष्ठता हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. याशिवाय नळीला पीळ पडणे, फायब्रिनचा धागा अडकणे किंवा पोटातील कॅथेटरचे टोक जागेवरून सरकणे ही कारणे असू शकतात. हा वैद्यकीय प्रश्न आहे. त्यावर डायलिसिस केंद्राचाच सल्ला घ्यावा लागतो.

हाताने करावयाच्या पद्धतीत द्रव प्रथम रिकाम्या पिशवीत उतरते. त्यामुळे घराची मोरी तुंबलेली असली तरी पोटातून येणाऱ्या धारेवर तिचा परिणाम होत नाही. पिशवी भरण्यास उशीर लागत असेल तर दोष मोरीचा नाही, हे कुटुंबाने लक्षात ठेवावे. यंत्राची निचरा नळी थेट मोरीत किंवा शौचालयात सोडली असेल, तर मात्र दोन्ही शक्यता संभवतात. नळीचे टोक दबले, फार उंचावर राहिले किंवा साचलेल्या पाण्यात बुडाले तर यंत्र मध्यरात्री सूचना देऊ शकते. अशा वेळी केंद्राने शिकविलेल्या रीतीनेच नळीचा मार्ग तपासावा. मार्ग मोकळा असूनही सूचना थांबत नसेल, तर कारण शरीराकडे किंवा कॅथेटरकडे शोधावे लागते.

आरोग्यविषयक धोके

तुंबलेल्या पाण्यामुळे प्रत्येक वेळी संसर्ग होतोच असे नाही. तरीही धोक्याचे मार्ग स्पष्ट आहेत. बेसिनच्या ट्रॅपमध्ये स्यूडोमोनाससारखे जिवाणू वस्ती करून राहतात. निचरा मंद असेल तर नळाचे पाणी साचलेल्या पाण्यावर पडून तुषार उडतात व धुतलेले हात पुन्हा दूषित होऊ शकतात. स्यूडोमोनासमुळे झालेला पेरिटोनिअमचा दाह, म्हणजे पेरिटोनायटिस, बरा होण्यास अवघड असतो व अनेकदा कॅथेटर काढावा लागतो. म्हणून ज्या बेसिनवर पिशवी बदलण्यापूर्वी हात धुतले जातात, त्या बेसिनमध्ये वापरलेले द्रव कधीही ओतू नये. हा एकच नियम पाळला तरी मोठा धोका टळतो.

दुसरा धोका रसायनांचा आहे. शौचालय साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लिचिंगचे द्रावण एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. वापरलेल्या द्रवात युरिया असल्यामुळे त्यावर थेट ब्लिच ओतल्यास क्लोरामाइनसारखे त्रासदायक वायू तयार होऊ शकतात. कॉस्टिक सोड्याच्या चुऱ्यामुळे पाणी एकदम तापते, कातडी व डोळे भाजतात आणि पीव्हीसी नळीचे सांधे कमकुवत होऊ शकतात. कोंदट न्हाणीघरात या वायूंचा त्रास रुग्णापेक्षाही साफसफाई करणाऱ्या व्यक्तीला प्रथम होतो.

उपाययोजना

(अ) दैनंदिन शिस्त

१. द्रव ओतण्यापूर्वी पिशवी उजेडात धरून पाहावी व वजन करून नोंद घ्यावी. द्रव गढूळ असेल, पोटात दुखत असेल किंवा ताप असेल तर ते ओतून न देता पिशवी राखून ठेवावी व केंद्राशी तत्काळ संपर्क साधावा. एकदा ओतलेले द्रव तपासणीसाठी परत मिळत नाही.

२. द्रव शक्यतो शौचालयातच सोडावे. पिशवी भांड्याजवळ खाली धरून सावकाश ओतावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. त्यानंतर फ्लशची पूर्ण टाकी सोडावी. फ्लश नसलेल्या शौचालयात बादलीभर पाणी एका दमात ओतावे. नळ बारीक सोडून ठेवल्याने पाणी खर्च होते, परंतु नळी धुतली जात नाही.

३. यंत्राची नळी मोरीत सोडलेली असल्यास सकाळी उपचार संपताच तेथे एक-दोन बादल्या पाणी एकदम ओतावे. नळीचे टोक साचलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर राहील अशा रीतीने घट्ट बसवावे. ते ट्रॅपच्या पाण्यात खुपसू नये.

४. मोरी दुरुस्त होईपर्यंत द्रव कॅनमध्ये जमा करता येते. परंतु १२-१५ लिटरचा कॅन म्हणजे १२-१५ किलोचे ओझे होय. पेरिटोनिअल डायलिसिसच्या रुग्णाला हर्नियाचा संभव अधिक असल्याने ते त्याने उचलू नये. द्रव लहान भांड्याने थोडे थोडे सोडावे.

५. पाणीटंचाईच्या भागात कपडे खळबळल्याचे शेवटचे पाणी यासाठी वापरता येते. घरी रक्ताचे डायलिसिस होत असल्यास आरओ संयंत्राचे टाकाऊ पाणी बादलीत साठवून तेच नळी धुण्यास वापरावे. या पाण्याचा रुग्णाच्या रक्ताशी संबंध आलेला नसतो. वापरलेले डायलिसिस द्रव मात्र कोणत्याही घरगुती कामासाठी वापरू नये.

(आ) यांत्रिक स्वच्छता

बायोफिल्म हा चिकटलेला थर असल्याने तो विरघळविण्यापेक्षा खरवडून काढणे अधिक परिणामकारक ठरते. आठवड्यातून एकदा नहाणी ट्रॅपची जाळी व आतील वाटी काढून केस व मळ दूर करावा आणि लांब दांड्याच्या ब्रशने आतील बाजू घासावी. बेसिनखालील बॉटल ट्रॅप हाताने उघडता येतो. खाली बादली ठेवून तो महिन्यातून एकदा धुवावा. त्यानंतर हाताला सोसेल इतके गरम पाणी सोडावे. उकळते पाणी पीव्हीसी नळीला अपायकारक असते. एवढ्याने भागले नाही तर रबरी पंप व त्यानंतर प्लंबरची लवचिक स्प्रिंग यांचा वापर करावा. हे काम हातमोजे घालून करावे. पिशवी बदलण्याच्या वेळेच्या आगेमागे ते करू नये व ज्या खोलीत उपचार होतो तेथे तर कधीच करू नये.

(इ) रसायनांचा मर्यादित वापर

खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांचे मिश्रण फसफसते खरे, परंतु ती दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात व जाड थरावर फारसा परिणाम होत नाही. एन्झाइम अथवा जिवाणूयुक्त चूर्ण सावकाश काम करते व नळीला अपाय करीत नाही. मात्र ते ओतल्यावर काही तास नळीत पाणी जाता कामा नये. म्हणून हाताने डायलिसिस करणाऱ्या घरी ते रात्री, तर रात्री यंत्र चालणाऱ्या घरी दिवसा वापरावे. ब्लिच वापरावयाचे झाल्यास आधी भरपूर पाणी सोडून द्रव पूर्ण वाहून जाऊ द्यावे, खिडकी उघडी ठेवावी आणि त्या दिवशी दुसरे कोणतेही रसायन वापरू नये. रुग्णाला हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग असल्यास द्रव निर्जंतुक करण्याविषयी केंद्राच्या सूचना काटेकोरपणे पाळाव्यात. नळीत आधी रसायन ओतले असेल तर तसे प्लंबरला स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. तो हात घालतो ते पाणी साधे नसते.

(ई) बादलीची चाचणी

उपचार घरी सुरू होण्यापूर्वी १० लिटरची भरलेली बादली मोरीत ओतून पाणी निघून जाण्यास लागणारा वेळ घड्याळावर मोजावा व लिहून ठेवावा. दरमहा हीच चाचणी करावी. वेळ पहिल्या नोंदीच्या दुप्पट झाल्यास तुंबण्याची वाट न पाहता साफसफाई करावी. रक्ताचे डायलिसिस करावयाच्या घरी या चाचणीला विशेष अर्थ आहे. १० लिटरला १० मिनिटे लागत असतील तर नळीची क्षमता मिनिटाला लिटरभरच उरली असा त्याचा अर्थ होतो. तेवढेच पाणी यंत्र व आरओ मिळून सोडत असतात. अशा मोरीच्या भरवशावर चार तासांचा उपचार सुरू करणे इष्ट नाही.

मैला टाकी असलेली घरे

ग्रामीण व निमशहरी भागात सांडपाणी मैला टाकीत व तेथून शोषखड्ड्यात जाते. पेरिटोनिअल डायलिसिसचे ८-१० लिटर पाणी टाकीला जड जात नाही. टाकीतील जिवाणू साखरही पचवितात. परंतु तुंबलेली नळी मोकळी करण्यासाठी वारंवार ॲसिड किंवा ब्लिच ओतल्यास हेच उपयुक्त जिवाणू मरतात, गाळ साचतो व निचरा आणखी मंदावतो. म्हणजे चुकीचा उपाय मूळ दुखणे वाढवितो. रक्ताच्या डायलिसिसचे पाणी मात्र राशीने अधिक असल्यामुळे टाकीची क्षमता आधीच तपासून घ्यावी.

सामाजिक बाजू

हा प्रश्न केवळ नळीचा नाही. आपल्या कुटुंबव्यवस्थेत मोरी घासण्याचे काम बहुधा पत्नी, आई किंवा सून यांच्याकडे येते. रुग्णाचे पथ्य, औषधे व पिशव्यांचा साठा यांबरोबर हे कामही कोणतीही नोंद न होता त्यांच्या दिवसात मिळते. तीव्र रसायनाचा वास त्यांनाच सोसावा लागतो. म्हणून प्रशिक्षण केवळ रुग्णाला न देता मोरी प्रत्यक्ष साफ करणाऱ्या व्यक्तीलाही दिले पाहिजे.

सदनिकांच्या इमारतीत उभी नळी सर्वांची सामाईक असते. वरच्या मजल्यावरील घरातील सांडपाणी तळमजल्यावरील मोरीत उसळले की वाद निर्माण होतो. भाड्याच्या घरात राहणारे रुग्ण घरमालकाच्या नाराजीच्या भीतीने आजारच लपवितात आणि दुरुस्ती लांबणीवर पडते. वस्तुतः पुरेशा पाण्याबरोबर सोडलेले हे द्रव सामाईक व्यवस्थेला अपायकारक नाही. चेंबर व उभी नळी यांची ठराविक काळाने सफाई करून घेणे ही गृहनिर्माण संस्थेची सामान्य जबाबदारी आहे. ती पार पाडण्यासाठी कोणाच्याही आजाराची चर्चा होण्याचे कारण नाही.

समारोप

घरगुती डायलिसिसमध्ये निचरा मंद होण्यामागे बहुधा दोन गोष्टी एकत्र येतात : सूक्ष्मजीवांना पोसणारे गोड पाणी आणि नळी धुऊ न शकणारी संथ धार. पहिली गोष्ट उपचाराचा अविभाज्य भाग असल्याने टाळता येत नाही. दुसरी बादलीभर पाण्याने बदलता येते. रुंद नळीची निवड, प्रत्येक वेळी एकदम सोडलेले पाणी, ठराविक दिवशी घासकाम व महिन्याची बादली-चाचणी या चार सवयी तीव्र रसायनांपेक्षा अधिक उपयोगी व निश्चितच कमी धोक्याच्या आहेत. उपचार सुरू करण्यापूर्वी घराची पाहणी करताना खोलीची स्वच्छता व साठवणीची जागा पाहिली जाते. त्या यादीत मोरीच्या निचऱ्याची एक ओळ वाढविणे अवघड नाही. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, गृहविज्ञान व समाजकार्य या विषयांच्या विद्यार्थ्यांनाही आपल्या परिसरातील रुग्णकुटुंबांसाठी या संदर्भात सोपी माहितीपत्रके तयार करता येतील. वर्षानुवर्षे चालणारा उपचार घरात सुखाने चालावा, यासाठी डॉक्टरांच्या औषधयोजनेइतकेच घरातील या लहान व्यवस्थांकडेही लक्ष पुरविणे आवश्यक आहे.